शब्द कळतात, बोलणे कळत नाही: थट्टा, उपरोध आणि लाक्षणिक भाषा समजून घेण्याची पद्धत

इंदूरच्या मराठी घरातला पाहुणा उठताना 'बरं, येतो' म्हणतो आणि निघून जातो. यजमान त्याला 'एकदा जेवायला या' असे सांगतात, पण वार सांगत नाहीत, आणि पाहुणाही तो विचारत नाही. हातातली बांगडी फुटली तर ती 'वाढली' असे म्हटले जाते. बहुतेकांना या बोलण्यात काहीच अडत नाही. काही माणसे मात्र अशा प्रत्येक वाक्यापाशी थांबतात, शब्दांचा सरळ अर्थ धरतात, आणि तो प्रसंगाशी जुळत नाही हे लक्षात येईपर्यंत संभाषण पुढे सरकलेले असते. चार जण हसले म्हणून पाचवा हसतो, पण कशाला हसायचे हे त्याला ठाऊक नसते. हा लेख त्या पाचव्यासाठी आहे, आणि आपला मुलगा, बहीण, जावई किंवा कार्यालयातला सहकारी असा आहे हे ज्यांच्या नुकतेच ध्यानात आले आहे त्यांच्यासाठीही आहे.

आधी कारण पाहावे

एकच अडचण वेगवेगळ्या कारणांनी येते आणि उपाय कारणावर ठरतो. स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या अनेकांना शब्दसंग्रह चांगला असूनही बोलण्यामागचा हेतू पकडायला वेळ लागतो. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएम-५ मध्ये, स्वमग्नतेची इतर लक्षणे नसताना केवळ संभाषणात भाषा वापरण्याची अडचण असलेल्यांसाठी स्वतंत्र निदानही दिले आहे, आणि त्याच्या निकषांत वाक्प्रचार, विनोद, रूपके व न बोललेला अर्थ न कळणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्याकडून स्वरातला चढउतार निसटतो आणि त्यामुळे उपरोधही निसटतो. साताऱ्याहून किंवा नागपूरहून लग्न होऊन इंदूरला आलेल्या मुलीला हिंदी येत असते, पण इथली हिंदी येत नसते. तिची अडचण निव्वळ परिचयाची असून ती काही महिन्यांत सुटते.

एका गोष्टीत मात्र विलंब करू नये. ज्या माणसाला आयुष्यभर थट्टा सहज कळत होती त्याला ती अचानक कळेनाशी झाली, तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावे. मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघाताचा आघात झाल्यास बोलणे शाबूत राहूनही उपरोध आणि विनोद कळणे बिघडू शकते, आणि स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत ही क्षमता स्मरणशक्तीच्याही आधी ढासळते. 'बाबा हल्ली फार गंभीर झाले आहेत' एवढ्यावर घरच्यांनी समाधान मानू नये.

बाकीच्यांनी हे लक्षात ठेवावे की बुद्धी कमी असण्याचा हा पुरावा नव्हे. बोलणारा जे म्हणतो त्याहून अधिक सुचवतो आणि ऐकणारा ते अनुमानाने भरून काढतो, हे तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात व्यवस्थित मांडले. हे अनुमान काही जण नकळत करतात आणि काहींना ते जाणीवपूर्वक करावे लागते. जाणीवपूर्वक करण्याला वेळ लागतो, पण त्याला पद्धत आहे, आणि ती आपल्याकडे फार जुनी आहे.

मम्मटाच्या तीन पायऱ्या

अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट याने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात 'लक्षणा' या शब्दशक्तीची, म्हणजे सरळ अर्थ सोडून दुसरा अर्थ सांगण्याच्या शब्दाच्या शक्तीची, व्याख्या तीन अटींनी केली आहे. पहिली अट मुख्यार्थबाध, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ त्या ठिकाणी बसत नाही. दुसरी तद्योग, म्हणजे जो दुसरा अर्थ घ्यायचा त्याचा सरळ अर्थाशी काही संबंध असतो. तिसरी अशी की हा दुसरा अर्थ एकतर रूढीने पक्का झालेला असतो, नाहीतर बोलणाऱ्याचे त्यामागे काही प्रयोजन असते. 'गंगेवर गवळीवाडा आहे' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, म्हणून काठावर असा अर्थ घ्यायचा. आणि 'काठावर' असे सरळ न म्हणता 'गंगेवर' म्हणण्याचे प्रयोजन हे की त्या जागेचा गारवा आणि पावित्र्य ऐकणाऱ्याच्या मनात यावे. काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे परीक्षेपुरते शिकवतात. माझ्या मते रोजच्या बैठकीत अडखळणाऱ्यांना त्याचा कितीतरी अधिक उपयोग आहे, कारण कोणत्या क्रमाने विचार करायचा ते यात सांगितलेले आहे.

हा क्रम एका प्रसंगावर चालवून पाहू. लोकमान्य नगरातल्या काकूंकडे पुतण्या सकाळी नऊ वाजता पोह्यांना येणार होता आणि साडेदहाला पोहोचला. काकू दार उघडून म्हणाल्या, "या, या! आजच आलात? आम्हाला वाटलं, आता रंगपंचमीलाच याल."

पहिली पायरी: सरळ अर्थ बसतो का? काकूंना तो आजच येणार हे माहीत होते, कारण वेळ त्यांनीच दिली होती, आणि ओट्यावर पोहे भिजवलेले आहेत. म्हणजे 'रंगपंचमीलाच याल असे वाटले' हे विधान खरे असणे शक्य नाही. शिवाय एरवी 'तू' म्हणणाऱ्या काकू आज 'आलात' म्हणत आहेत. मराठीत जवळच्या माणसाला अकस्मात मिळालेला आदरार्थी प्रत्यय हा बहुधा सन्मान नसतो. दुसरी पायरी: संबंध कोणता? रंगपंचमी पुढे आहे, म्हणजे उशीर. दीड तासाचा उशीर कित्येक दिवसांचा करून सांगितला आहे. तिसरी पायरी: प्रयोजन काय? सरळ 'उशीर का केलास' म्हटले असते तर ते रागावणे झाले असते. तीच गोष्ट अतिशयोक्तीने सांगितल्यामुळे तक्रारही नोंदली गेली आणि स्वागतही झाले. उत्तरही त्याच दोन भागांचे हवे: "चुकलो काकू, पोहे उरलेत का?" रंगपंचमीची तारीख सांगणे किंवा 'मी आजच येणार असे ठरले होते' असे दुरुस्त करणे, ही दोन्ही उत्तरे खरी असूनही जागा चुकलेली आहेत.

हे सगळे दारात उभ्या उभ्या सुचणार नाही. सुरुवातीला रात्री घरी आल्यावर, वहीत लिहून करावे. दिवसभरात अडलेले एक किंवा दोन प्रसंग पुरेत. वाक्य जसेच्या तसे लिहावे, कोण कोणाला म्हणाले ते लिहावे, आणि तिन्ही प्रश्न विचारावेत. केरोल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने १९९४ साली मांडलेली चित्रसंवादाची रीतही याच जातीची आहे: काड्यांची माणसे काढायची, तोंडापुढच्या फुग्यात बोललेले लिहायचे आणि डोक्यावरच्या फुग्यात मनातले. मुलांसाठी ती अधिक सोयीची, पण मोठ्यांनी वापरल्यास काही बिघडत नाही.

पाठ करता येणारा भाग

रूढीने ठरलेले अर्थ शोधत बसायचे नसतात. ते पाठ करायचे असतात. 'पोटात कावळे ओरडणे', 'हात वर करणे', 'काढता पाय घेणे', 'तोंडाला पाने पुसणे' यांचे अर्थ कोणत्याही वाक्प्रचारकोशात मिळतात आणि त्यात अनुमानाचे काम फार थोडे असते. कोर्टनी नॉर्बरी यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वमग्न आणि भाषिक अडचण असलेल्या मुलांना रूपके कितपत कळतात हे पाहिले, तेव्हा शब्दार्थांचे ज्ञान हाच त्याचा अधिक चांगला निदर्शक ठरला. म्हणजे शब्दसंपत्ती वाढवणे हे दुय्यम काम नव्हे.

इंदूरमध्ये या वहीला दोन भाषांचे रकाने लागतात. अशुभ शब्द टाळण्याची चाल दोन्हीकडे आहे: मराठीत दिवा विझवत नाहीत, वाढवतात, हिंदीत दुकान बंद करत नाहीत, बढ़ाते हैं. 'आजोबा गेले' हे वाक्य ऐकून 'कुठे?' असे विचारण्यापूर्वी सांगणाऱ्याचा चेहरा पाहावा. रस्त्यावरचा 'पेलवान' कुस्ती खेळत नसतो. किरकोळ अंगाच्या मुलालाही तशी हाक मारतात, आणि 'भिया' (भैया) म्हणणारा अनोळखी माणूस नात्यातला नसतो. 'भिया राम' हा नमस्कार आहे, त्याला तेच उत्तर द्यावे.

त्याच वहीत एक छोटी यादी ठळक अक्षरांत असावी, कारण ती सर्वांत लवकर कामाला येते. मराठीतले काही शब्द दिसायला स्तुतीचे आहेत, पण बोलण्यात ते स्तुतीसाठी जवळजवळ कधीच वापरले जात नाहीत: दिवे लावले, उजेड पाडला, तारे तोडले, मुक्ताफळे उधळली, गुण उधळले, प्रताप केला. 'गणितात काय दिवे लावलेस?' या प्रश्नात स्वर कसाही असो, अर्थ एकच. इथे चेहरा वाचायची गरज नाही, म्हणून चेहरे वाचणे ज्यांना जड जाते त्यांनी सुरुवात इथून करावी.

उपरोध ओळखणे

खुल्या उपरोधात, म्हणजे 'वा, छान', 'फारच हुशार', 'कमाल आहे तुमची' यांसारख्या वाक्यांत, शब्द मदत करत नाहीत; घडलेली गोष्ट मदत करते. आधी काय घडले ते पाहावे. चहा सांडला, फाइल हरवली, पाहुण्यासमोर बिंग फुटले आणि लगेच कोणी स्तुती केली, तर ती स्तुती उलटी धरावी. स्वर हे दुसरे साधन: ओढून म्हटलेला 'हो काऽऽ', नेहमीपेक्षा सावकाश आणि सपाट उच्चारलेले 'छान'. मराठीत तिसरे साधनही आहे. वाक्याच्या शेवटी येणारा 'म्हणे' बोलणाऱ्याला त्या विधानापासून दूर उभा करतो: 'तो मोठा इंजिनिअर आहे' आणि 'तो मोठा इंजिनिअर आहे म्हणे' यांत दुसऱ्या वाक्याचा बोलणारा जबाबदारी घेत नाही, आणि पुष्कळदा त्याचा विश्वासही नसतो. मोबाइलवरच्या संदेशात स्वर आणि चेहरा दोन्ही नसल्याने तिथे चांगल्या चांगल्यांची फसगत होते. तिथे शंका आली तर विचारावे.

न बोललेले

मम्मटानेच दिलेले आणखी एक उदाहरण आहे: 'सूर्य मावळला.' वाक्य एकच, पण ते सेनापतीला हल्ल्याची वेळ सांगते, गुराख्याला गुरे परत आणायला सांगते, दुकानदाराला माल आवरायला सांगते, ब्राह्मणाला संध्येची आठवण देते. इथे सरळ अर्थाला बाध नाही. सूर्य खरोखर मावळला आहे. म्हणून पहिल्या पायरीची परीक्षा इथे चालत नाही, आणि हाच प्रकार सर्वांत अवघड.

इंदुरी उदाहरण घ्यायचे तर, रात्री दहाच्या सुमारास कोणी म्हटले, "सराफ्यातली दुकानं आता मिटली असतील." इथे राहणाऱ्याला माहीत असते की सोन्या-चांदीची दुकाने बंद झाली की त्यांच्याच पुढ्यात खाण्याची दुकाने लागतात, भुट्ट्याचा कीस मिळू लागतो, गराडू हा कंद तळायला सुरुवात होते, आणि खरी गर्दी तेव्हाच होते. म्हणून जेवण हलके झालेल्या भावंडांत हे वाक्य 'चला, निघू या' असे असते. तेच वाक्य मंगळसूत्राचा फासा दुरुस्त करायला निघालेल्या वहिनीला उद्देशून असेल, तर 'आता जाऊन उपयोग नाही' असे होते. अशा वेळी विचारायचा प्रश्न वेगळा: ही माहिती मला आत्ताच का सांगितली गेली? माझ्या हातात असे काय आहे, की या माहितीने मी ते करावे किंवा टाळावे? 'पंखा फार जोरात आहे', 'उद्या सकाळी लवकर उठायचंय', 'चहा गार होतोय' ही सगळी वाक्ये या प्रश्नाने सुटतात. पाहुणा म्हणून गेले असताना यजमानांनी उद्या लवकर उठण्याचा उल्लेख केला, तर दहा मिनिटांत निघावे.

विनोद आणि थट्टा

शाब्दिक विनोदात दोन अर्थ एकाच शब्दावर आणलेले असतात. इंदूरच्या मराठी घरांत मराठी आणि हिंदीत वेगळे अर्थ असलेले शब्द यासाठी हाताशीच असतात. 'शिक्षा विभाग' अशी पाटी पाहून आजोबा म्हणतात, "एवढी मोठी इमारत? मग शिक्षाही मोठीच करत असतील." हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण हे आजोबांना पक्के ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही ते न कळल्याचे सोंग करतात, यातच गंमत आहे. असा विनोद उशिरा कळला तर उशिरा हसायला हरकत नाही. न कळता हसू नये, असे मला वाटते. कारण त्यानंतर कोणी 'तुला काय वाटतं?' असे विचारले की अडचण दुप्पट होते, आणि हसण्याचे कारण एखाद्याची टिंगल असेल तर तुम्ही तिच्यात सामील झालेले असता.

माणसावर केलेली थट्टा हे निराळे प्रकरण आहे, कारण तिथे प्रेम आणि अपमान यांचे शब्द सारखेच असू शकतात. काही नात्यांत थट्टा करणे ही जवळजवळ रीतच असते. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली अशा थट्टेच्या नात्यांवर लिहिले, आणि आपल्याकडे दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी ही त्याची ओळखीची उदाहरणे. मेहुण्याने जिजाजींच्या टकलावर बोललेले चालते. तेच सासऱ्यांसमोर जावयाने सासऱ्यांच्या टकलावर बोललेले चालत नाही. म्हणून शब्दांपेक्षा आधी नाते पाहावे. मग तीन गोष्टी तपासाव्यात. ज्याची थट्टा झाली त्याला उलट थट्टा करण्याची मुभा आहे का? विषय असा आहे का, की जो तो माणूस स्वतःही हसत बोलतो? 'पुरे आता' म्हटल्यावर थांबले का? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर ती थट्टा धरावी. थांबले नाहीत, तर मग 'अरे, गंमत केली' हे स्पष्टीकरण ऐकून घेण्याचे कारण नाही. ज्याला लाक्षणिक बोलणे कळायला वेळ लागतो त्याला मुद्दाम लक्ष्य करणारे लोक असतात आणि त्यांची ढाल हेच वाक्य असते.

रंगपंचमीच्या आसपास इंदूरमध्ये नियमच बदलतात. राजवाड्यावरून गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते, बजरबट्टू संमेलनात प्रतिष्ठित माणसे विचित्र वेष करून व्यासपीठावर बसतात, आणि अनेक कार्यालयांत होळीच्या निमित्ताने प्रत्येकाला एक गमतीचा किताब वाटला जातो. तुम्हाला मिळालेला किताब तुमच्याविषयीचे मत म्हणून वाचू नये. साहेबांना कोणता मिळाला ते पाहावे. त्यांना मिळालेला तुमच्याइतकाच तिखट असेल तर तो खेळ आहे. रंग आणि गर्दीचा आवाज सोसत नसेल तर घरी राहण्यात काहीच गैर नाही.

अडल्यावर काय म्हणावे

दोन-तीन वाक्ये तयार ठेवावीत, म्हणजे ऐनवेळी ती रचावी लागत नाहीत. घरात: "हे खरं म्हणालात की गमतीनं?" वडीलधाऱ्यांना: "मला नीटसं कळलं नाही, काय करू ते सांगा." कार्यालयातल्या हिंदी बोलणाऱ्या सहकाऱ्याला: "भिया, मज़ाक है या काम की बात?" हा शेवटचा प्रश्न हसत विचारला तर तो स्वतःच इंदुरी वाटतो आणि कोणी वाईट मानत नाही. ज्या एक-दोन माणसांवर विश्वास आहे त्यांना आधीच सांगून ठेवावे की मला सूचक बोलणे उशिरा कळते. नंतर त्यांना बाजूला घेऊन विचारता येते.

घरच्यांसाठीही थोडे. सूचना, वेळ, पैसा आणि औषध या चार बाबतींत सूचक बोलू नये. 'कपडे वाळत आहेत आणि आभाळ भरून आलंय' याऐवजी 'पाऊस यायच्या आत कपडे काढ' म्हणावे. न कळल्याबद्दल चारचौघांत हसू नये, आणि 'एवढंही कळत नाही?' हे तर कधीच म्हणू नये. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ साली असे मांडले की गैरसमज दोन्ही बाजूंचा असतो: स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन वाचता येत नाही, तसे इतरांनाही तिचे वाचता येत नाही, मात्र दोष एकीकडेच टाकला जातो. स्वमग्न माणसांचा विनोदही असतो, पुष्कळदा शब्दांच्या काटेकोर अर्थावरच उभा असलेला, आणि तो घरच्यांना कळत नाही असेही घडते.

एवढे करूनही नोकरी, शिक्षण किंवा संसार अडत असेल तर वाचा-भाषातज्ज्ञाकडे जावे. तो भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे ना, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. आधी श्रवणचाचणी करून घ्यावी. ती सोपी असते आणि अर्धी शंका तिथेच मिटते. स्वमग्नतेचे निदान झाले तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश असल्याने प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो, पण तो करायचा की नाही हे सज्ञान व्यक्तीने स्वतः ठरवावे. पहिल्या भेटीला जाताना 'मला विनोद कळत नाहीत' एवढेच सांगण्याऐवजी ती वही बरोबर न्यावी. त्यात वाक्ये मूळ भाषेत, इंदुरी हिंदीतली तर तशीच, लिहिलेली असावीत, आणि आपण कोणता अर्थ घेतला व नंतर कोणता निघाला हे दोन्ही नोंदलेले असावे. तज्ज्ञाला काम कुठून सुरू करायचे ते त्यावरूनच ठरवता येते.